प्लायच्या टेबलाखाली सर्क्युलर सॉ उलटी बसवून टेबल सॉ केली आहे. तिच्या ब्लेडला घरच्या घरी गार्ड कसा बनवू?

माझंही टेबल असंच आहे. 18 मिमी प्लाय, खाली उलटी टांगलेली 7 इंची सर्क्युलर सॉ, आणि हे सगळं कुडाळजवळच्या आमच्या घराच्या पडवीत. मशीन उलटी लावली की तिचा मूळ गार्ड फळीच्या आड येतो, म्हणून बहुतेक जण तो मागे बांधून ठेवतात किंवा काढूनच टाकतात. मीही काढला होता. मग 185 मिमीचं ब्लेड मिनिटाला 5000 फेरे घेत उघडं फिरतं, म्हणजे दाते ताशी 170 किलोमीटरच्या वर पळतात.

पण गार्डच्या आधी स्प्लिटर लावा, म्हणजे कापलेली चीर मिटू न देणारी पट्टी. गार्ड बोटं वाचवतो, उलटी फेकली जाणारी फळी तो अडवत नाही. पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात, मागचे मात्र खालून वर येत असतात. कापलेली चीर मागे मिटली की ते फळी उचलून तुमच्याच अंगावर भिरकावतात. आणि आपल्याकडे चीर मिटतेच. परसातला पडलेला फणस चिरून आणायचा, माळ्यावर एक पावसाळा ठेवायचा आणि सुकला म्हणायचं! अशीच एक फणसाची फळी माझ्या बरगडीला चाटून मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर आदळली. चिऱ्याला पडलेला खळगा अजून तसाच आहे. तेव्हापासून मी ब्लेडच्या रेषेत उभा राहत नाही.

स्प्लिटर म्हणजे ब्लेडच्या मागे, त्याच रेषेत उभी केलेली स्टीलची पट्टी. ती दात्यांच्या रुंदीपेक्षा पातळ आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड हवी. व्हर्नियरने मोजा, अंदाजाने घेऊ नका. माझ्या ब्लेडचे दाते 2.4 मिमी आणि पत्रा 1.6, म्हणून मी 2 मिमीची पट्टी घेतली. दात्यांपासून साधारण 5 मिमी मागे ठेवा, आणि माथा ब्लेडपेक्षा किंचित खाली, म्हणजे खाच (आरपार न जाणारा काप) मारताना ती काढावी लागत नाही. बोल्टची भोकं लांबट ठेवा. ब्लेड खाली घेतलं की पट्टीही खाली सरकवता यायला हवी.

आता गार्ड. बरेच जण तो स्प्लिटरवरच बसवतात. मी तसाच केला, आणि पहिली खाच मारायची वेळ आली तेव्हा काढून कोपऱ्यात ठेवला. तो चार महिने तिथेच होता. म्हणून दुसरा गार्ड टेबलाला लावलाच नाही, वरून टांगला. पडवीचं छप्पर उतरतं, त्यामुळे वासा हाताशी येतो. वाशाला 1 इंची चौकोनी पाइप, त्याच्या आत सरकणारा पाऊण इंची पाइप, आणि हवं तिथे आवळायला हाताने फिरणारा नॉबचा बोल्ट. टेबलावर काहीच उभं नाही, त्यामुळे प्लायचा आख्खा शीटही अडत नाही. साखळीने किंवा दोरीने मात्र टांगू नका. गार्ड झुलून ब्लेडवर आला तर नसलेला बरा.

पाइपाच्या खालच्या टोकाला ब्लेड झाकणारी पेटी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिकची करा. ॲक्रिलिक दिसायला तसंच, पण मार बसला की तुकडे उडतात. दुकानात पॉलिकार्बोनेट मागितलं की आपल्याकडे आधी छपराचा पोकळ पत्रा दाखवतात. तो नको, भरीव सपाट 4 मिमी घ्या. भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा, स्क्रू मरेस्तोवर आवळू नका आणि थिनरने कधी पुसू नका, बारीक तडे जातात. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, खाऱ्या हवेत साधे एका पावसाळ्यात गंज धरतात. फेन्सच्या (फळी जिला टेकवून सरळ सरकवतो त्या पट्टीच्या) बाजूची पेटीची भिंत वरच्या पिनेवर झुलती ठेवा, म्हणजे बारीक रीप कापताना ती फेन्सवर चढून बसते. पेटी लाकडाच्या वर 5-6 मिमी, त्याहून उंच ठेवली तर बोट आत जातं.

आमच्या वाडीतले एक सुतारकाका बघून म्हणाले, "ह्यां काचेचां घर कित्याक?" ते हसले, पण त्यांनी खोट बरोबर काढली: दहा मिनिटांत आतून भुसा चिकटतो आणि पेन्सिलची रेघ दिसेनाशी होते. ज्यातून आरपार दिसत नाही तो गार्ड माणूस काढतोच. पेटीच्या मागच्या टोकाला व्हॅक्यूमचा पाइप जोडल्यावर हा त्रास बराच कमी झाला. पावसाळ्यात ओला भुसा तरी चोंदतोच, तेव्हा प्लग काढून फडकं मारायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मशीनचा ट्रिगर झिप-टायने बांधून बोर्डावरच्या बटणाने चालू-बंद करत असाल, तर पावसात लाईट गेल्यावर काय होईल? तुम्ही ब्लेड हाताळत असताना लाईट येईल आणि मशीन आपोआप सुरू होईल. लाईट गेली की सुटणारा आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टर लावा. विहिरीच्या पंपाला असतो तसाच, फक्त सिंगल फेजचा. बंद करायचं लाल बटण गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर तो बसवा, कारण हात तेव्हा फळीवर असतात.