मोबाईलची सवय सुटावी म्हणून एखादी दुआ किंवा वजिफा आहे का?

तुम्ही लिहिलंय की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघता, मग फजर, पहाटेची नमाज, जाते, दिवसभर मन खातं, आणि खाली अजून एक ओळ टाकलीय, 'पण मी जास्त करून दीनी व्हिडिओच बघतो', म्हणजे धर्माचेच. ती ओळ वाचली आणि राहवलं नाही. माझं आणि माझ्या मोठ्या भाईचं कित्येक वर्षांचं भांडण ह्याच एका वाक्यावरून आहे.

वजिफा, म्हणजे ठरवून रोज पढायचा जप, मला माहीत नाही. दुआ एक आहे, ती कशी मिळाली ते सांगतो.

मी राबोडीत राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत, अकाउंट्सला. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी, जेमतेम पंधरा मिनिटांचा प्रवास. 2023 च्या पावसाळ्यात एका आठवड्यात तीन वेळा रबाळे कधी गेलं कळलंच नाही, घणसोलीला उतरून उलटी गाडी पकडली. आणि बघत काय होतो? बयान, म्हणजे धार्मिक भाषण. नमाजमध्ये खुशू, म्हणजे मनाची एकाग्रता, कशी आणायची ह्यावरचं बयान, एक संपलं की दुसरं आपोआप लागायचं. त्यातल्याच एका संध्याकाळी मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजला, अत्तहियातमध्ये, म्हणजे नमाजमधल्या बैठकीत बसलोय आणि डोक्यात त्या क्लिपच्या सुरुवातीची धून वाजतेय. सलाम फेरून नमाज संपवली तेव्हा दोन रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, झाल्या का तीन हेही आठवेना. खूप रडू आलं त्या दिवशी, खोटं नाही सांगत.

मग 2024 चा रमजान. त्या वर्षी विसावा रोजा नेमका 31 मार्चला आला. अकाउंट्सवाल्याला 31 मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या मशिदीत दरवर्षी एतकाफला, म्हणजे रमजानचे शेवटचे दिवस मशिदीतच राहून इबादतीला, बसणारे एक बुजुर्ग तेव्हा आजारी पडले होते. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई पंथाचे, पण मोहल्ल्यात हनफी पंथाचे जास्त, आणि त्यांच्याकडे शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातून एक तरी माणूस बसलाच पाहिजे, कोणीच नाही बसलं तर जबाबदारी सगळ्यांवर. इमामसाहेबांनी तरावीहनंतर, रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतर, दोन-तीनदा विचारलं, सगळे खाली बघत होते. मी हात वर केला. अजूनही कळत नाही कसा केला. ऑफिसात 1 एप्रिलपासून सुट्टी म्हटल्यावर साहेबांचा चेहराच उतरला, पण दिली. रविवार असून दुपारपर्यंत एन्ट्र्या मारल्या, घरी आलो, फोन बायकोच्या हातात दिला आणि मगरिबच्या आधी चादर-उशी घेऊन मशिदीत.

पहिले दोन दिवस भयंकर होते. प्रत्येक नमाजनंतर हात आपोआप कुर्त्याच्या खिशात जायचा. जोहर ते असर, दुपारभर, वेळ सरकतच नव्हता, एप्रिलचा उकाडा, वर पंखा, आणि मी भिंतीवरच्या नमाजच्या वेळांचा बोर्ड पुन्हापुन्हा वाचतोय. माझ्यासोबत नंतर अजून एक चाचा येऊन बसले होते, मूळचे महाडकडचे, एसटीतून रिटायर झालेले. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि विचारलं, काय हरवलंय बाबा तुझं? मी सांगितलं सगळं, घणसोलीपर्यंतचं. ते हसले नाहीत. म्हणाले, मग ही दुआ पाठ कर, आणि चार तुकड्यांत पाठ करून घेतली.

अल्लाहुम्मा इन्नी अऊजु बिका मिन इल्मिन ला यन्फअ, व मिन कल्बिन ला यख्शअ, व मिन नफ्सिन ला तश्बअ, व मिन दअवतिन ला युस्तजाबु लहा. सहीह मुस्लिम ह्या हदीसच्या किताबातली आहे. ज्या इल्माचा, ज्ञानाचा, उपयोग नाही, जे दिल झुकत नाही, ज्या नफ्सचं, आपल्यातल्या हावेचं, पोट भरत नाही आणि जी दुआ कबूल होत नाही, ह्या चारांपासून पनाह मागायची. मी कितीतरी वेळा ऐकली होती, पण तिथे बसून म्हटली तेव्हा वाटलं ही माझ्या रात्री दोन वाजताच्या हालतीचीच यादी आहे. नफ्सिन ला तश्बअ, अजून एक, अजून एक, आणि पोट भरतच नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून फरक पडला. नमाजला शेवट आहे हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. पाच वेळच्या मिळून सतरा रकात फर्ज, सलाम फेरला की झालं, उठा, कामाला लागा. रीलला सलामच नाही हो. ती आपण संपवायची असते, आणि झोपेला आलेल्या माणसात तेवढी ताकद कुठून येणार?

11 एप्रिलला ईद झाली आणि तिसऱ्या दिवशी मी परत रात्री एक वाजता फोन घेऊन पडलेलो. म्हणून एतकाफने सुटतं असं मी म्हणणार नाही. सुटलं ते नंतर, बारीक गोष्टींनी. इशा, रात्रीची नमाज, झाली की फोन फ्रिजवर, रात्रभर तिथेच. नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं नापसंत करायचे, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मी ते शब्दशः धरलं. फजर पढल्याशिवाय फोनला हात नाही, उठायला स्टेशनबाहेरून साधं अलार्म घड्याळ आणलं. तसबीह, नमाजनंतरचा जप, बोटांच्या पेरांवर, 33, 33, 34, काउंटरचं ॲप काढून टाकलं. कुरआन कागदाचा. फोनमध्ये तिलावत करताना वरून मेसेज टपकतो, मला नाही जमत, आणि जमतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

ऑफिसमधला एक मित्र म्हणतो, दहा दिवस महाबळेश्वरला फोनशिवाय राहिला असतास तरी हेच झालं असतं. झालं असेल. पण महाबळेश्वरहून परत आल्यावर दिवसातून पाच वेळा कोणी हाक मारत नाही. माझा दिवस कुठे कापायचा ते मला ठरवावं लागत नाही, ते आधीच ठरलेलं आहे, मला फक्त उठायचं आहे.

आता तुमच्या त्या ओळीकडे. माझा भाई कुवेतला असतो, रोज तीस-चाळीस दीनी क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि म्हणतो सवाब, पुण्य, आहे. मी म्हणतो कुरआनातली सूरह मुअमिनून उघड. दुसऱ्या आयतीत नमाजमधली खुशू आहे आणि लगेच तिसऱ्या आयतीत लग्वपासून, फालतू गोष्टींपासून, तोंड फिरवणारे आहेत, दोन्ही शेजारी शेजारी. लग्व म्हणजे हरामच असं नाही, ज्यातून काही निष्पन्न होत नाही ते लग्व. चाळीस क्लिप बघून एकही रकात वाढत नसेल तर ते काय आहे? फजर घालवून बघितलेलं बयान तर मला साध्या गाण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण गाण्यानंतर निदान तौबा तरी सुचते. आलिमांचं रीतसर शिकणं वेगळं, एक किताब, एक उस्ताद, ठरलेली वेळ, ते ऑनलाइन असलं तरी माझी तक्रार नाही.

आणि हो, फोन लांब ठेवूनही झोप येत नसेल, जीव घाबरत असेल, तर तो ईमानचा प्रश्न समजू नका, डॉक्टरकडे जा. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. दुआ करा आणि इलाजही करा.

भाईचंही मला कळतं, दोन वर्षांतून एकदा घरी येतो, खोलीत एकटा, क्लिप पाठवणं ही त्याची आमच्याशी बोलायची पद्धत असेल. म्हणून मी आता ग्रुप म्यूट केलाय आणि जुम्याला नमाजनंतर त्याला स्वतः फोन करतो. मागच्या जुम्याला त्याने विचारलं, मी पाठवलेलं बघितलंस का? मी म्हटलं, नाही. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, अम्मीचे गुडघे कसे आहेत.