वाचकांचे प्रश्न: मुलांच्या लॅपटॉपसाठी काम करताना

मुलांच्या शैक्षणिक लॅपटॉपसाठी फावल्या वेळात काम करणाऱ्या महाविद्यालयीन गटांची पत्रं आली आहेत. बहुतेकांच्या हाती एक्सओ-१ हा हिरवा-पांढरा लॅपटॉप आणि त्यावरची शुगर प्रणाली आहे, म्हणून उत्तरंही त्यालाच धरून दिली आहेत.

प्रश्न : आम्ही संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचे सहा जण आहोत. दान आलेले आठ एक्सओ-१ मिळालेत. एका सत्रात काय होऊ शकेल? आणि इतक्या जुन्या यंत्रावर वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ची (प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची) कल्पना २००५ मध्ये जाहीर केली आणि तिच्यातल्या एक्सओ-१ चं मोठं उत्पादन २००७ च्या अखेरीस सुरू झालं. यंत्र म्हातारं आहे, यात वाद नाही. शुगर मात्र त्या यंत्रापुरतं राहिलेलं नाही. २००८ पासून शुगर लॅब्स ही स्वयंसेवकांची संस्था ते सांभाळते आणि डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स प्रणाली असलेल्या साध्या संगणकावरही ते चालतं. तेव्हा नीट लिहिलेली ‘ॲक्टिव्हिटी’ (शुगरमध्ये ॲपला हाच शब्द आहे) दोन्हीकडे उपयोगी पडते.

आता आवाका. या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी फ्लॅश साठवण आहे. हार्ड डिस्क नाही, पंखाही नाही. सत्राचे पंधरा-सोळा आठवडे परीक्षा-सुट्ट्या वगळता दहावर येतात. तेवढ्यात एकच संकल्पना घ्या. ‘गणित शिकवणारी ॲक्टिव्हिटी’ नको, ‘दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता’ एवढीच पुरे. रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००९ साली या लॅपटॉपसाठी विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा विषय चौथीच्या गणितापुरताच ठेवला होता. सहा जणांपैकी कोड लिहिणारे दोघेच असू द्या. एकाकडे चित्रं, एकाकडे भाषांतर, एकाकडे यंत्रांची देखभाल द्या. सहाव्याने शिक्षकांबरोबर बसायचं आणि मुलं कुठे अडतात ते टिपायचं. हे सहावं काम सगळ्यांना फालतू वाटतं. ते वगळलेल्या गटाला आपली चूक शेवटच्या आठवड्यात कळते.

कोडला हात लावण्याआधी आठही यंत्रं तपासा. आतली नाण्याएवढी घड्याळाची बॅटरी मेलेली असेल तर तारीख मागे जाते. कुलूपबंद (सुरक्षा-कुलूप अजून न काढलेलं) यंत्र अशा वेळी तारीख अवैध असल्याचा संदेश दाखवून सुरूच होत नाही. कुलूप काढलेलं यंत्र सुरू होतं, पण जर्नलमधल्या (मुलाच्या कामाची आपोआप ठेवलेली वही) नोंदींचा क्रम बिघडतो. कुलूपबंद यंत्र निर्मात्याची डिजिटल सही असलेलीच प्रणाली चालवतं, त्यामुळे तुम्ही स्वतः बांधलेली प्रणाली चढवायची तर डेव्हलपर की (कुलूप उघडणारी फाइल) लागते. तिची सोय पहिल्याच आठवड्यात बघा.

प्रश्न : आमची ॲक्टिव्हिटी स्वतःच्या लॅपटॉपवर छान चालते. एक्सओवर तिचं चिन्ह थोडा वेळ लुकलुकतं आणि पुढे काहीच उघडत नाही.

अंदाज बांधत बसू नका. एक्सओवर ‘लॉग’ नावाची ॲक्टिव्हिटी असते. ती उघडून आपल्या ॲक्टिव्हिटीच्या नावाची नोंद शोधा आणि तिच्या शेवटच्या दहा ओळी वाचा. दहापैकी आठ वेळा कारण तिथेच सापडतं.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पायथॉनची, म्हणजे ॲक्टिव्हिटी ज्या भाषेत लिहितात तिची, आवृत्ती. एक्सओ-१ वरची १३.२ मालिकेतली प्रणाली फेडोरा १८ वर बेतलेली आहे आणि तिथलं शुगर पायथॉन २.७ वर चालतं. तुमच्या संगणकावर पायथॉन ३ आहे. एफ-स्ट्रिंग (मजकुरात चलाची किंमत थेट बसवायची पद्धत) वापरली असेल तर ती पायथॉन ३.६ पासूनची सोय असल्याने फाइल वाचतानाच मोडते. कोडमध्ये थेट देवनागरी अक्षरं लिहिली आणि फाइलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतपद्धतीची घोषणा नसेल, तरीही तेच होतं.

या चुका निदान दिसतात. न दिसणारी चूक भागाकाराची आहे. पायथॉन २ मध्ये ७ भागिले २ केलं की उत्तर ३ येतं, ३.५ नाही. अपूर्णांकांच्या ॲक्टिव्हिटीत असं झालं तर काहीही न मोडता मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं. प्रत्येक फाइलच्या आरंभी ‘फ्यूचर’मधून ‘डिव्हिजन’ आयात करा, म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत एकच उत्तर येईल.

त्यानंतर ‘ॲक्टिव्हिटी डॉट इन्फो’ ही फाइल बघा. ॲक्टिव्हिटी कोणत्या आज्ञेने सुरू करायची ते तीत ‘एक्झेक’च्या ओळीत लिहिलेलं असतं. नव्या शुगरमध्ये ‘एक्झेक’ची ओळ ‘शुगर-ॲक्टिव्हिटी३’ने सुरू होते. जुन्या यंत्रावर त्या नावाची आज्ञाच नाही, तिथे शेवटचा ३ काढावा लागतो. म्हणून दोन यंत्रांसाठी दोन गठ्ठे (बसवायच्या फाइली) बांधा, पण कोड एकच ठेवा.

उघडते पण मध्येच बंद पडते, अशी तक्रार असेल तर मेमरीकडे वळा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची राखीव जागा) नसल्यामुळे मेमरी संपली की प्रणाली एखादी प्रक्रिया सरळ मारून टाकते. मोठी चित्रं सुरुवातीलाच सगळी भरून ठेवू नका, लागेल तेव्हा एकेक उघडा. आणि फाइल मनाला येईल तिथे लिहू नका. ॲक्टिव्हिटीला तिच्या मूळ फोल्डरमधल्या ‘डेटा’, ‘इन्स्टन्स’ आणि ‘टेम्प’ या तीनच जागा मिळतात. मुलाचं काम ‘राइट-फाइल’ या पद्धतीतून जर्नलमध्ये जायला हवं. शुगरमध्ये ‘सेव्ह’ करायला कुणी सांगत नाही, मूल दुसरीकडे वळलं की प्रणाली स्वतः ही पद्धत बोलावते. ती अर्धवट लिहिली असेल तर मुलाचं चित्र हरवतं आणि ओरडा मुलालाच बसतो.

शेवटचं म्हणजे साठवण. १ जीबी काठोकाठ भरली की यंत्र सुरू होईनासं होतं. तुमचा गठ्ठा पाच-दहा एमबीच्या आत ठेवा. आवाजाच्या फाइली ऑग-व्हॉर्बिस या आटोपशीर ध्वनिप्रकारात, एकाच चॅनलच्या करा.

प्रश्न : बरोबर उत्तराला हिरवा आणि चुकीला लाल चौकोन दाखवतो. अंगणात बसलेल्या मुलांना फरक कळत नाही. चौकोन ओढतानाही हातातून निसटतात.

पडदा बिघडलेला नाही. उन्हात मागचा दिवा निरुपयोगी ठरतो आणि पडदा परावर्तित उजेडावर चालतो. तेव्हा १२०० गुणिले ९०० बिंदू अतिशय स्पष्ट दिसतात, पण फक्त काळ्या-पांढऱ्यात. बरोबरला भरीव आकार आणि चुकीला फुली द्या, रंग वरची सजावट म्हणून राहू दे. पडदा साडेसात इंचांचा आहे, इंचाला सुमारे २०० बिंदू पडतात. त्यामुळे तुमच्या संगणकावर ठसठशीत वाटणारं अक्षर इथे मुंगीएवढं होतं. मापं बिंदूंत लिहू नका, शुगरच्या ‘स्टाइल’ या मापांच्या संचातल्या घरांच्या पटीत लिहा. एक घर ७५ बिंदूंचं, म्हणजे आडवी १६ आणि उभी १२ घरं बसतात.

निसटण्याचं कारण टचपॅड. घामट किंवा दमट हातांनी त्याचं मापन बिघडतं आणि बाण उड्या मारतो. की-बोर्डच्या चार कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबली की तो पुन्हा जुळवला जातो. मुलं हे एका दिवसात शिकतात. तरी ओढून-सोडण्यावर खेळ उभा करू नका. एकदा टिचकी मारून उचला, दुसऱ्यांदा मारून ठेवा.

प्रश्न : मराठी भाषांतराची पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांच्याखाली भाषांतरं) पूर्ण केली, तरी निम्मी वाक्यं इंग्रजीतच दिसतात.

दिसत नाहीत त्या ओळींच्या वर ‘फझी’ अशी खूण आहे का बघा. मूळ वाक्य थोडं बदललं की जुनं भाषांतर ‘बहुधा हेच’ म्हणून डकवलं जातं आणि खूण लागते. बांधणी करताना अशा ओळी गाळल्या जातात. वाचून, दुरुस्त करून खूण काढा, ‘एमएसजीएफएमटी’ या आज्ञेने फाइल तपासा आणि ‘सेटअप डॉट पाय’ची ‘बिल्ड’ आज्ञा पुन्हा चालवा. खूण नसलेल्या ओळीही इंग्रजीत दिसत असतील तर कोड लिहिणाऱ्याने ते वाक्य भाषांतराच्या अधोरेषेत, म्हणजे ‘_( )’ या खुणेत, गुंडाळलेलंच नाही.

त्याला आणखी एक सांगा: वाक्यं तुकड्यांनी जोडू नकोस. ‘तुला’ अधिक संख्या अधिक ‘गुण मिळाले’ असे तीन तुकडे आले की भाषांतरकाराला शब्दांचा क्रम बदलता येत नाही. शब्दखेळ करणार असाल तर अक्षरं मोजायची पद्धतही बदला. ‘शाळा’ हा मुलासाठी दोन अक्षरी शब्द आहे, पण युनिकोडमध्ये त्याचे चार घटक होतात. घटकांची अदलाबदल केली तर काना सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो.

प्रश्न : शंभर वॉटचं सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची बॅटरी बसवली आहे. पाच एक्सओ जोडले तर भरतात, दहा जोडले की त्यांचे भरण्याचे दिवे लागतात-विझतात. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. बॅटरीपासून लॅपटॉप जोडायच्या पट्टीपर्यंतची तार पाच मीटर, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची.

पॅनेल-बॅटरीचा हिशेब तुम्ही ठीक केला आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत सुमारे २० वॉट-तास मावतात, दहांचे २०० होतात. वाटेतली गळती धरून रोज तीनशेच्या आसपास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तरी ५० अँपिअर-तासांत ते बसतं.

घोळ तारेत आहे. भरताना एक यंत्र सुमारे १७ वॉट घेतं, दहांचे १७० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला १४ अँपिअर. पाच मीटर जाऊन परत येणारी १.५ ची तार सुमारे ०.११ ओहम विरोध करते. १४ अँपिअरला त्यात १.६ व्होल्ट पडतात आणि भाराखाली बॅटरीवर १२.२ धरले तरी पट्टीवर १०.६ उरतात. एक्सओ-१ ला भरायला किमान ११ लागतात. ११ च्या खाली गेलं की यंत्रं भरणं थांबवतात, भार उतरतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा सुरू होतात. तुमचे दिवे यामुळेच लुकलुकतात.

६ चौरस मिलिमीटरची तार टाका, घट ०.४ व्होल्टवर येईल. टोकांना पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका, क्रिंप केलेले (दाबून घट्ट बसवलेले) धातूचे लग लावा. बॅटरीच्या धन टोकाजवळच २० अँपिअरचा फ्यूज हवा. पॅनेलची तार कंट्रोलर टाळून थेट पट्टीला जोडायचा मोह होईल. १२ व्होल्टचं म्हणवणारं पॅनेल भाराविना २१ व्होल्टपर्यंत जातं आणि यंत्राची कामाची मर्यादा १८ आहे. पट्टीवरचं व्होल्टेज दहाही यंत्रं जोडलेली असताना मोजा, रिकाम्या पट्टीवरचा आकडा काहीच सांगत नाही.

प्रश्न : एका वर्गात तीस यंत्रं आहेत. मेशवर (यंत्रांनी मधल्या उपकरणाविना आपसांत केलेलं बिनतारी जाळं) सगळी एकमेकांना दिसतच नाहीत.

दिसणार नाहीत. ‘मी इथे आहे’ हा निरोप प्रत्येक यंत्र सगळ्यांना धाडतं आणि एकाच खोलीत एकाच चॅनलवर तेवढ्यानेच हवा भरून जाते. मेश विखुरलेल्या थोड्या यंत्रांसाठी ठीक आहे. वर्गात साधा वायफाय ॲक्सेस पॉइंट आणि एका जुन्या संगणकावर जॅबर सर्व्हर (यंत्रांचे निरोप एकमेकांना पोचवणारा) ठेवा.

प्रश्न : सत्र संपलं की आम्ही पांगणार. काम मागे कसं सोडावं?

शेवटचे दोन आठवडे नवीन काही लिहू नका. परवान्याची फाइल आणि ‘ॲक्टिव्हिटी डॉट इन्फो’मधली परवान्याची ओळ जुळते का पाहा. परवानाच नसेल तर पुढच्या गटाला तुमचा कोड वापरण्याचा हक्क मिळत नाही. चित्रांच्या आणि आवाजांच्या मूळ फाइली, त्या कुठून घेतल्या याची नोंद आणि पीओटी फाइल (भाषांतराचा कोरा साचा) कोडच्या भांडारात टाका. चिन्हाच्या एसव्हीजी चित्रफाइलीत ‘स्ट्रोक-कलर’ आणि ‘फिल-कलर’ हे चल राहू द्या, नाहीतर चिन्ह मुलाने निवडलेल्या रंगात दिसणार नाही. आवृत्तीचा आकडा प्रत्येक वाटपाला वाढवा, तो तसाच राहिला तर कोणत्या यंत्रावर कोणता गठ्ठा आहे ते ओळखता येणार नाही.

मग प्रकल्पात नसलेल्या एखाद्या मित्राला कोरं यंत्र, यूएसबी आणि तुमची माहितीची फाइल द्या आणि गप्प बसा. तो जिथे तुम्हाला विचारेल, तिथे फाइलमध्ये एक ओळ घाला. शाळेत मात्र छापील कागदच ठेवा: बसवायचं कसं, काढायचं कसं आणि साठवण भरली तर जर्नलमधून काय पुसायचं.