ठिणगी तपासताना घ्यायची काळजी

पेट्रोल इंजिन फिरते पण सुरू होत नाही, एवढ्यावरून स्पार्क प्लगला ठिणगी नाही असे मानू नका. ती तपासून पाहा, मात्र प्लग काढून हातात धरण्याची जुनी रीत कृपया टाळा. ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलमधून येणारा विद्युतदाब 20,000 व्होल्टपेक्षा अधिक असू शकतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर त्याने कॉइल किंवा इंजिनाचा ईसीयूही (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) खराब होऊ शकतो. म्हणून स्पार्क टेस्टर (ठिणगी तपासण्याचे साधन) वापरा, त्याचा चिमटा इंजिनाच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूला घट्ट लावा आणि त्याआधी इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवा, कारण प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती ठिणगीने पेटू शकते. हे मी आग्रहाने सांगतो. स्टार्टर तीन-चार सेकंदच फिरवावा. निळसर-पांढरी, टचटच वाजणारी ठिणगी चांगली. पिवळट किंवा नारिंगी, बारीक ठिणगी अशक्त समजावी. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असून एकाच ठिकाणी ठिणगी नसेल, तर ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. दोष तिच्याबरोबर सरकला, तर कॉइलच बदलावी लागेल. कुठेच ठिणगी नसेल, तर आधी इग्निशनचा फ्यूज आणि क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचे फिरणे ईसीयूला कळवणारा सेन्सर) तपासा.