यूपीएसमधून परत एनपीएसमध्ये? आधी स्वेच्छानिवृत्तीचं पक्कं करा

प्रश्न: मी २०१० पासून केंद्र सरकारच्या सेवेत आहे, वय ४६. नोव्हेंबर २०२५ मध्ये यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम, हमीच्या पेन्शनची योजना) स्वीकारली. आता ऑफिसातले म्हणतात, सरकारचे चार टक्के घालवलेस, परत एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन सिस्टिम, जमलेल्या रकमेवर चालणारी योजना) जा. मला २०३२ साली, २२ वर्षं सेवा झाली की, स्वेच्छानिवृत्ती घ्यावीशी वाटते. मिस्टर सहा वर्षांनी मोठे, खासगी नोकरीत, त्यांना पेन्शन नाही. दोन मुलं. थोरलीच्या इंजिनीअरिंगसाठी पेन्शन खात्यातून थोडे पैसे काढायचेत. काय करू?

उत्तर: ताई, चार टक्क्यांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. एनपीएसमध्ये सरकार मूळ वेतन आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १४ टक्के तुमच्या खात्यात भरतं, यूपीएसमध्ये १०. पण यूपीएसमध्ये सरकार आणखी अंदाजे साडेआठ टक्के एका सामायिक निधीत टाकतं. तो तुमच्या स्टेटमेंटवर दिसत नाही, मात्र पेन्शनची हमी त्याच्याच जोरावर आहे. शिवाय उद्या परत गेलात तर मधल्या काळातला चार टक्क्यांचा फरक तुमच्या एनपीएस खात्यात जमा करायची तरतूद आहे. तेव्हा या एका कारणासाठी घाई करू नका.

तुमचा निर्णय अडतो तो २०३२ वर. हमीच्या पेन्शनचा हिशोब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचे निम्मे, गुणिले सेवेचे महिने भागिले ३००. पंचवीस वर्षं भरली की पूर्ण ५० टक्के. तुमची २२ वर्षं म्हणजे २६४ महिने. सरासरी मूळ वेतन ७०,००० धरलं तर ३५,००० ऐवजी ३०,८०० बसतात. इतकी कपात एक वेळ सोसता येईल. पण ही रक्कम २०३२ ला सुरू होत नाही. तुम्ही नियमाप्रमाणे ज्या दिवशी साठीला निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून, म्हणजे २०४० पासून ती मिळते, आणि डीआर, म्हणजे पेन्शनवरची महागाईची वाढ, तीही तेव्हापासूनच. मधली आठ वर्षं दरमहा काही नाही. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ‘वीस वर्षांनंतर मुभा आहे’ एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं.

त्या आठ वर्षांसाठी हातात काय येईल? ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे दोन्ही योजनांत आहेतच. यूपीएसची वेगळी एकरकमी रक्कम म्हणजे दर पूर्ण सहामाहीला मूळ वेतन अधिक डीएचा दहावा हिस्सा. तुमच्या ४४ सहामाह्या, म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांचा पगार. खात्यातली ६० टक्क्यांपर्यंत रक्कमही काढता येते, पण तेवढ्याच प्रमाणात पेन्शन उतरते. पूर्ण ६० टक्के काढलेत तर ३०,८०० चे १२,३२० उरतील. तो मार्ग मी तुम्हाला अजिबात सुचवणार नाही.

एनपीएसमध्ये वीस वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीला साठीच्या निवृत्तीसारखेच लाभ मिळतात: ६० टक्क्यांपर्यंत रोख आणि किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी (एकरकमी पैसे विमा कंपनीला देऊन घेतलेली दरमहा रक्कम), तीही लगेच. समजा खात्यात ८० लाख जमले. ४८ लाख हातात आणि ३२ लाखांवर, सहा टक्के दर धरला तर, महिना १६,०००. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, हा तिचा मोठा दोष. पण खरेदी किंमत, म्हणजे ॲन्युइटीसाठी भरलेली रक्कम, परत मिळण्याचा पर्याय घेतलात तर ते ३२ लाख शेवटी मुलांना मिळतात. यूपीएसमध्ये तसं नाही. तुमच्या पश्चात मिस्टरांना पेन्शनच्या ६० टक्के आणि त्यावर डीआर मिळेल. स्वेच्छानिवृत्तीनंतर, साठीच्या आधी तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यांची पेन्शन मृत्यूच्या दिवसापासूनच सुरू होते. त्यांच्यानंतर मुलांना मासिक काहीच नाही, आणि खात्यातली रक्कम निवृत्तीच्या वेळीच सामायिक निधीत गेलेली असते. मिस्टर वयाने मोठे आहेत, म्हणून तुमच्या घरी हा मुद्दा वजनाचा आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. साठीपर्यंत नोकरी करणार असाल तर यूपीएस सोडू नका. डीआरसह निम्मं वेतन देणारी ॲन्युइटी बाजारात मिळत नाही. २०३२ ला निघणारच असाल तर एनपीएस बरी. तीन वर्षं आणखी काढून २०३५ ला निघालात तर पूर्ण ५० टक्के मिळतील, तरी पाच वर्षं थांबावं लागेलच. त्या पाच वर्षांचा घरखर्च मिस्टरांच्या पगारातून किंवा वेगळ्या बचतीतून भागणार असेल तरच तो पर्याय धरा.

आज अर्ज करायची गरज नाही. यूपीएसमधून एनपीएसमध्ये परतण्याची संधी एकदाच मिळते. ती नियत निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधीपर्यंत वापरता येते. परत गेल्यावर पुन्हा यूपीएस नाही. म्हणून २०३१ च्या दिवाळीपर्यंत घरात बसून ठरवा आणि मगच हलवा.

लेकीच्या फीसाठी या खात्याला शक्यतो हात लावू नका. आपल्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, तीनदा काढता येतं, हे खरं. पण यूपीएस तुमची जमा रक्कम एका मानक रकमेशी ताडून बघते. काहीच न काढता, ठरलेल्या पद्धतीने गुंतवणूक झाली असती तर किती जमलं असतं, ते ही मानक रक्कम. तुमचे ९५ लाख आणि मानक एक कोटी असेल, तर ३०,८०० चे २९,२६० होतात. ही तूट निवृत्तीपूर्वी भरून काढता येते, पण दहा वर्षांनी ती भरायला आज काढलेल्यापेक्षा बरीच जास्त रक्कम लागेल. स्वतः निवडलेल्या गुंतवणुकीने कमी परतावा दिला तरी हीच कपात बसते. शैक्षणिक कर्ज लेकीच्या नावावर घ्या.

हे सगळं केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरतं आहे. जिल्हा परिषदेतल्या शिक्षक मैत्रिणींना हेच आकडे सांगू नका. त्यांच्यासाठी राज्याची सुधारित पेन्शन योजना आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत.

या महिन्यात एक काम मात्र उरका. सेवापुस्तक मागवून विनावेतन रजेच्या नोंदी तपासा आणि अर्हताकारी सेवेचे (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेचे) महिने लेखी घ्या. २६४ चे २६० निघाले तर ३०,८०० चे ३०,३३३ होतात, आणि जुनी नोंद दुरुस्त करायला आज कागद सापडतील, २०३२ मध्ये सापडणं अवघड.