टाका सुटला, खड्डा उघडा दिसतो, आता?

"मॅडम, टाका निघून आला न जी. आतमधी भोकच दिसून राहिलं."

नागपूरच्या महाल भागातून आलेली आई आणि तिचा २६ वर्षांचा मुलगा. खालची आडवी अक्कलदाढ काढून सहावा दिवस. मुलाने टॉर्च लावून फोटोही काढून आणला होता: खड्डा, कडेला लोंबणारा दोरा, आत पिवळट-पांढरा थर. घरच्यांच्या मते जखम उघडी पडली होती आणि आत पू झाला होता. तो पू पुसायला आईने कान कोरायचा बड हातात घेतलाही होता. मुलाने तोंड उघडलं नाही, हे बरंच झालं.

कारण तो पू नव्हता. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते तीच ही खपली, फक्त तोंडात सतत ओली राहते म्हणून पांढरी दिसते. तिच्याखाली नवं मांस धरत असतं. पू असेल तर दाबल्यावर वाहतो, घाण चव येते, उतरलेली सूज पुन्हा चढते, कधीकधी तापही येतो.

आणि टाका? खड्डा शिवून बंद करणं हे त्याचं काम नसतंच. दाढ काढताना बाजूला केलेली हिरडी जागेवर धरायची आणि खालची रक्ताची गुठळी टिकू द्यायची, एवढ्यासाठी तो असतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. ती उतरली की टाके आपोआप ढिले पडतात. काळा रेशमी दोरा असेल तर साधारण सातव्या दिवशी काढून घ्यावा लागतो. विरघळणाऱ्या टाक्यांपैकी काही आठवडाभरात सुटतात, तर काही तीन-चार आठवडे राहतात. कोणता घातलाय, ते दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यावं.

खरा प्रश्न एकच विचारला: काल दुखत होतं त्यापेक्षा आज कमी की जास्त? "कमी." मग ड्राय सॉकेटची भीती बरीचशी गेली. त्यात गुठळी निघून जाते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कमी होत आलेली कळ उलटून कानापर्यंत जाते, गोळीला दाद देत नाही, आणि खड्ड्यात हाड उघडं दिसतं. तेव्हा घरी लवंगतेलाचा बोळा कोंबू नये, मांस भाजतं. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात.

आई फॉर्म भरायला गेल्यावर खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाचं विचारलं. नागपुरात हा प्रश्न विसरून चालत नाही, आणि आईसमोर खरं उत्तर येत नाही. "काल एक. अर्धाच." तंबाखूने रक्तपुरवठा आवळतो, चुना भाजतो, सुपारीचे कण नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. हिरडी धरेपर्यंत अर्धाही नाही.

धुवायचं कसं, ते करूनच दाखवलं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. खळखळ करायची नाही. मान त्या बाजूला कलती करून पाणी थांबू द्यायचं आणि बेसिनमध्ये नुसतं सांडायचं. पहिले २४ तास मात्र चूळच नको, जोरात थुंकणं नको, स्ट्रॉ नको. आठवड्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलं तर, वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज: टोक खड्ड्याच्या तोंडाशी धरायचं, आत खुपसायचं नाही, आणि पाणी स्वच्छ परत येईपर्यंत हळूहळू सोडायचं.

खाण्यात खिचडी, वरण-भात. तर्री-पोह्यांतले नुसते मऊ पोहे चालतील. वरचा चिवडा, चणे आणि तर्री नको.

"मग टाका परत नाही घालायचा का जी?"

नाही. वरून घट्ट शिवलं तर खाली अन्न आणि घाण अडकून राहील. हा खड्डा तळापासून वर भरतो. हिरडी धरायला तीन-चार आठवडे, जिभेला खळगा लागणं थांबायला दोन-तीन महिने, आतलं हाड भरायला चार-सहा महिने. ताप आला, गिळताना त्रास झाला किंवा तोंड आधीपेक्षा कमी उघडू लागलं, तर मात्र त्याच दिवशी यायचं.

डॉक्टरांनी लोंबणारा दोरा कात्रीने कापला. मुलाला कळलंसुद्धा नाही.