'शेरीफ' हा इंग्रजी शब्द अरबी 'शरीफ'वरून आला का? मुंबईच्या नगरपालांनाही शेरीफ का म्हणतात?

नाही, दोघांचा काडीचा संबंध नाही. अरबी 'शरीफ' म्हणजे कुलीन, खानदानी. आपण 'शरीफ माणूस' म्हणतो तो हा. शेरीफ मात्र अस्सल अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडातला, आणि त्याच्या शराफतीबद्दल तिथल्या रयतेचं मत काही बरं नव्हतं.

मुळात तो जोडशब्द. 'शीर' म्हणजे परगणा. यॉर्कशायर, हॅम्पशायरमधलं 'शायर' तेच. 'येरेवा' म्हणजे राजाचा कारभारी. 'शीरयेरेवा' शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी झिजत झिजत शेरीफ झाला.

1066 नंतर फ्रान्सकडून इंग्लंडात नॉर्मन राज्यकर्ते आले. त्यांच्या लॅटिन दप्तरात याच माणसाला 'विसेकोमेस' लिहीत, पण गावकऱ्यांनी जुना शब्द सोडला नाही. पदही टिकलं, कारण वसुलीची सगळी घडी त्याच्या हातात होती. आपल्या जुन्या मामलेदारासारखा महसूलही तोच बघे आणि बंदोबस्तही. परगण्याचा वसूल बहुधा मक्त्याने दिलेला असे. ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाला राजाच्या खजिन्यात हजर व्हायचं. तिथे चौकटीचं कापड अंथरलेल्या टेबलावर सोंगट्या मांडून हिशेब होई. ठरलेल्या रकमेवर जे सुटेल ते शेरीफच्या खिशात, मग लोकांना पिळणं आलंच. 1170 मध्ये राजा दुसऱ्या हेन्रीने चौकशी लावून बहुतेक शेरीफना घरी बसवलं. 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेत, तर स्पष्ट अट आहे: मालकाच्या संमतीशिवाय शेरीफने कुणाचा घोडा किंवा गाडी न्यायची नाही. अशी अट कागदावर आणावी लागते, यातच काय ते आलं. रॉबिन हूडच्या कथांतला खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफ आहे, तो उगीच नव्हे.

पुढे शब्द जिकडे गेला तिकडचा झाला. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी मतदानाने निवडून येणारा पोलीस अधिकारी, स्कॉटलंडमध्ये चक्क न्यायाधीश. इंग्लंडात आता मानाचं पद उरलंय. यादीतल्या नावापुढे राजा चांदीच्या टोच्याने भोक पाडतो आणि नेमणूक होते.

मुंबईत हे पद इंग्रजांच्या कोर्टांबरोबर आलं. तेव्हा जप्तीसारखी कामं शेरीफकडे असत. पुढे ते निव्वळ शोभेचं झालं, मुदत एक वर्षाची. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर दोघेही मुंबईचे शेरीफ होऊन गेले. वसुलीला मात्र कुणाच्या दारात जावं लागलं नाही.