दहा विजय आणि चिडलेले चाहते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकते. तिथल्या कॉलेज फुटबॉलच्या संघाचे, म्हणजे हॉकआईजचे, चाहते आपल्याच प्रशिक्षकांवर वर्षानुवर्षे चिडलेले असतात, असे ती सांगते. संघ तर बहुतेक सामने जिंकतो. जिंकणाऱ्या प्रशिक्षकाने आणखी करायचे तरी काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कर्क फेरेन्ट्स १९९९च्या हंगामापासून आयोवाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दोन-तीन वाईट हंगाम गेले की प्रशिक्षकाला नारळ मिळतो, हे लक्षात घेतले तर एवढी वर्षे एकाच जागी टिकणे ही साधी गोष्ट नाही. आपल्या कन्येच्या कानांवर येणारी तक्रार हार-जितीची नसून खेळाच्या एका अंगाची आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती असताना खेळणारे अकरा जण वेगळे आणि तो समोरच्यांच्या हाती असताना त्यांना अडवणारे अकरा जण वेगळे असतात, आणि या दोन्ही तुकड्यांचे प्रशिक्षकही वेगवेगळे असतात. आयोवाचा बचाव फिल पार्कर सांभाळतात आणि तो देशातल्या उत्तम बचावांपैकी एक मानला जातो. आक्रमणाची सूत्रे २०१७ पासून मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव ब्रायन फेरेन्ट्स यांच्याकडे होती, आणि भांडणाचे मूळ तिथे आहे.

३ सप्टेंबर २०२२ रोजी साऊथ डकोटा स्टेट या एक पायरी खालच्या गटातल्या संघाविरुद्ध आयोवाने ७-३ असा विजय मिळवला. धावफलकावरचा ७ हा आकडा पाहून कोणालाही एक टचडाऊन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे सहा गुण, आणि त्यानंतरचा एक जादा गुण असेच वाटेल, पण त्या दिवशी आयोवाने एकही टचडाऊन केले नाही. एका फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथाडून खांबांमधून नेल्याचे, तीन गुण मिळाले आणि उरलेले चार गुण बचावाने दोन सेफ्टींमधून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोनदा त्याच्याच गोलरेषेमागे पाडून, मिळवले. आक्रमणाने अख्ख्या सामन्यात तीन गुण केले आणि तरीही सामना जिंकला. ज्याला निकाल पुरतो तो या दिवशी समाधानाने घरी गेला. ज्याला पुढचे कठीण सामने दिसत होते तो चिडला. त्या हंगामात आयोवाची सरासरी सामन्यामागे १७.७ गुणांवर थांबली, तेव्हा चिडलेल्यांचे म्हणणे निव्वळ कुरकूर नव्हते हे उघड झाले.

प्रश्न : मुलगाच हाताखाली असेल तर बापाला त्याचे दोष कसे दिसणार? हा सरळसरळ धृतराष्ट्राचा प्रकार नाही का? आणि विद्यापीठाने हे चालू कसे दिले?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : धृतराष्ट्राची आठवण होणे साहजिक आहे, परंतु ती थोडी अन्यायाची आहे. ब्रायन स्वतः आयोवाकडून खेळले, पुढे व्यावसायिक लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे प्रशिक्षणाचे काम करून २०१२ साली परतले, आणि आक्रमणाची जबाबदारी घेतलेल्या पहिल्याच हंगामात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्यांच्या आक्रमणाने बलाढ्य ओहायो स्टेटविरुद्ध ५५-२४ अशा विजयात हात दिला. आडनावाखेरीज त्यांच्याकडे काहीच नव्हते, असे त्यांच्या टीकाकारांनाही म्हणता येणार नाही.

विद्यापीठाने केलेली व्यवस्था मात्र कागदावर चोख आणि प्रत्यक्षात पोकळ होती. जवळच्या नातेवाइकावर थेट देखरेख ठेवता येत नाही, असा नियम असल्यामुळे ब्रायन यांचे वरिष्ठ म्हणून क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांचे नाव होते. पण रोजचा सराव, सामन्याची आखणी आणि कोणता खेळाडू खेळवायचा हे सारे मुख्य प्रशिक्षकाच्या छत्राखालीच चालणार, मग क्रीडा संचालक दुरून कशाचे मूल्यमापन करणार? याच अडचणीतून फेब्रुवारी २०२३ मधला तो गाजलेला करार निघाला. ब्रायन यांचे वार्षिक वेतन नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणण्यात आले आणि पद टिकवायचे तर संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण करावेत, अशी अट घालण्यात आली.

माझ्या मते ही अट म्हणजे जबाबदारी टाळण्याचा मार्ग होता. बचावपटूंनी चेंडू हिसकावून केलेले गुणही त्या सरासरीत धरले जाणार होते, म्हणजे ज्या माणसाचे काम तपासायचे त्याच्याशी संबंध नसलेले गुणही त्याच्याच खात्यात जमा होणार. चाहत्यांनी लगेच हिशेब मांडला : नियमित हंगामाचे बारा सामने आणि हंगामानंतरचा निमंत्रितांचा बोल सामना मिळून तेरा, तेराला पंचवीसने गुणले की ३२५. त्यानंतर प्रत्येक शनिवारी लोक सामन्याबरोबरच ३२५ला अजून किती कमी पडतात हेही मोजत बसले. सामना हातातून जात असताना आपला संघ सरासरीत कुठे आहे याची चर्चा करणारे प्रेक्षक मी अन्यत्र पाहिलेले नाहीत.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिनेसोटाविरुद्ध हा ताण फुटला. आयोवाचा कूपर डीजीन याने सामना संपायला दीड मिनिटही उरलेले नसताना पंट, म्हणजे समोरच्यांनी लांब लाथाडलेला चेंडू, घेऊन थेट ५४ यार्डांवरच्या गोलरेषेपर्यंत धाव घेतली. पण चेंडू घेण्याआधी त्याने डाव्या हाताने केलेली हालचाल पंचांनी ‘मी चेंडू फक्त झेलणार, धावणार नाही’ असा नियमबाह्य इशारा ठरवली, ते गुण रद्द झाले आणि आयोवा १२-१० असा हरला. पंचांवरचा राग अनेक दिवस धुमसत होता. पण त्याच सामन्याच्या दुसऱ्या अर्धात आयोवाच्या आक्रमणाने एकूण बारा यार्ड मिळवले होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असा ज्या खेळाचा नियम, त्यात तीस मिनिटांत बारा यार्ड! हातवारा नव्हे, हा आकडा त्या पराभवाचे खरे कारण होता. ३० ऑक्टोबरला प्रभारी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी हंगामानंतर ब्रायन परतणार नाहीत असे जाहीर केले. तेव्हा संघ सहा सामने जिंकलेला आणि दोन हरलेला होता.

एक गोष्ट ब्रायन यांच्या बाजूने नोंदवायला हवी. मिशिगनहून मुद्दाम आणलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, केड मॅकनमारा सप्टेंबरच्या अखेरीस गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता आणि बदली खेळाडूला चेंडू नेमका फेकणे जमत नव्हते. तरीही सरासरी १५.४ गुणांवर आली, आणि तेवढ्या घसरणीचे खापर एकट्या दुखापतीवर फोडता येत नाही.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉल आमच्या पेठेपेठेत आहे. पण आयोवात चेंडू लाथाडून समोरच्याला देऊन टाकणारा खेळाडू लोकांचा लाडका होता असे वाचले. हे कसे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो टोरी टेलर, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आक्रमण तीन प्रयत्नांत अडले की चौथ्या प्रयत्नात चेंडू लांब लाथाडून समोरच्याला शक्य तितके मागे ढकलायचे, यालाच पंट म्हणतात. टेलरचा चेंडू गोलरेषेच्या अगदी तोंडाशी पडत असे. तिथून समोरच्या संघाला जवळजवळ शंभर यार्डांचा प्रवास आयोवाच्या बचावासमोर करावा लागे, आणि वर सांगितलेल्या सेफ्टी अशाच कोंडीतून येतात. २०२३ च्या हंगामात त्याने पंटच्या एकूण यार्डांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही मिळवला. हा विक्रम करायला आक्रमण वारंवार अडावे लागते, हे चाहत्यांना ठाऊक होते. त्यांच्या टाळ्यांमध्ये टोमणाही होता.

प्रश्न : ब्रायन गेले, गुण वाढले, पण २०२४ मध्ये संघ आधीच्या वर्षापेक्षा कमी सामने जिंकला. मग चाहत्यांचा आरडाओरडा चुकीचाच ठरला ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आकडे आपण म्हणता तसेच आहेत. २०२३ मध्ये दहा विजय आणि चार पराभव. २०२४ मध्ये टिम लेस्टर यांनी आक्रमण हाती घेतल्यावर सरासरी २७.७ गुणांवर गेली, केलेब जॉन्सन याने १,५३७ यार्ड धावून २१ टचडाऊन केले, आणि तरी विजय आठ व पराभव पाच. पण २०२३ चे विजय कसे होते ते पाहावे : नॉर्थवेस्टर्नविरुद्ध १०-७, नेब्रास्काविरुद्ध १३-१०, इलिनॉयविरुद्ध १५-१३. एवढ्या फरकाने जिंकलेला सामना एका पंचनिर्णयाने उलटू शकतो, आणि मिनेसोटाविरुद्ध तो उलटलाच. पुढच्या वर्षी आयोवा स्टेटकडून एका गुणाने, यूसीएलए आणि मिसूरीकडून प्रत्येकी तीन गुणांनी हार झाली. शिवाय आयोवा ज्या संघसमूहात खेळतो त्या बिग टेन परिषदेतले पूर्व-पश्चिम विभाग २०२४ पासून बंद झाल्यामुळे तुलनेने सोप्या पश्चिम विभागाची सावलीही गेली. सोप्या विभागातून पुढे गेल्यावर काय होते हे २०२३ च्या अखेरीस दिसले होते : परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-० आणि त्यानंतरच्या सिट्रस बोलमध्ये टेनेसीकडून ३५-०. सलग दोन सामन्यांत शून्य गुण.

म्हणून चाहत्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यांनी मागितलेला उपाय मात्र अर्धाच होता. लेस्टर आल्यावर धावण्याचा खेळ खुलला, परंतु चेंडू फेकून पुढे जाण्याची आयोवाची जुनी दुर्बलता तशीच राहिली, आणि धोका न पत्करण्याचे धोरण मुख्य प्रशिक्षकांचे आहे, त्यांच्या कोणा सहायकाचे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सला ४७-७ असे हरवून कर्क फेरेन्ट्स यांनी २०६ वा विजय मिळवला आणि ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांचा बिग टेनमधला विक्रम मोडला. हे विजय त्याच सावध धोरणाने मिळाले आहेत, त्यामुळे सत्तरी गाठलेला हा माणूस ते आता सोडेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. मॅसॅच्युसेट्सविरुद्धच्या त्या सामन्यात आयोवाचा क्वार्टरबॅक होता मार्क ग्रोनोव्स्की, जो २०२२ च्या ७-३ अशा सामन्यात साऊथ डकोटा स्टेटकडून खेळला होता. स्वतःकडे चांगला क्वार्टरबॅक घडवता न आल्यामुळे बाहेरून आणण्याची वेळ संघावर पुनःपुन्हा का येते, हा प्रश्न कर्क यांना विचारला जायला हवा.